केस पेपर एकच हवा!

सबमिशनचं टेन्शन, व्हायव्हाचं टेन्शन, केटीचं टेन्शन! होस्टेलवर हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. पण डॉक्टरसमोर बसलो की तो तोंडातून निघत नाही. तिथे आपण सांगतो, डोकं दुखतंय, अ‍ॅसिडिटी झालीय, झोप लागत नाही. गोळ्या मिळतात आणि पंधरा दिवसांनी आपण पुन्हा त्याच रांगेत!

सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा म्हटलं, तर "मी काय येरवड्याची केस आहे का?" असं उत्तर येतं. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दर शंभर प्रौढांमागे दहाहून जास्त जणांना मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांवर उपचारच होत नव्हते. पेशंट मनाच्या दवाखान्यात जात नसेल, तर मनाचे उपचार त्याच्या नेहमीच्या दवाखान्यात यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काही स्वप्नरंजन नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी समुपदेशक म्हणून नेमलं. सरकारी केंद्रांत डिप्रेशन आणि चिंतेचे जास्त पेशंट बरे झाले, हे २०१० साली प्रसिद्ध झालं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही हे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घ्या, असंच म्हटलंय.

शिवाय शरीर आणि मन वेगळं काढायचं तरी कसं? थायरॉइड कमी पडलं तरी माणूस उदास होतो. त्याला नुसतं "पॉझिटिव्ह विचार कर" सांगून काय उपयोग? आधी रक्त तपासायला नको?

कोणी म्हणेल, एवढ्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कुठे आहे? मान्य. पण सुरुवातीला दोनच प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत सारखं उदास वाटलं का? आवडत्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? उत्तर "हो" आलं, तरच पुढची चौकशी.

म्हणून रेक्टर सर आणि डिस्पेन्सरीच्या डॉक्टरांना एक विनंती. तापाच्या पेशंटलाही हे दोन प्रश्न विचारा. आठवड्यातून एक दिवस सायकिअ‍ॅट्रिस्टना इथेच बोलवा. वेगळी खोली नको, दारावर वेगळी पाटी नको. रांग तीच, केस पेपर तोच. मग कोण कशासाठी आलाय हे कुणाला कळणारही नाही!

आणि मित्रांनो, तोपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. शेजारच्या रूममधला मित्र सध्या मेसमध्ये दिसत नसेल, तर त्यालाही सांगा.