दप्तर स्कॅन झालं, पण ठेवलंय कुठं?



२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम राज्यभर वाढवलं आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गाव नमुना १४, शाळांची जुनी रजिस्टरं कपाटातून बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आज पोराचा दाखला ठरतो, हे घराघरात कळलं. पानं स्कॅन झाली, चांगलंच झालं. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. हे सगळं ठेवलंय कुठं, आणि त्याची किल्ली कोणाकडं?

ग्रामपंचायत असो, सेवा संस्था असो की पतसंस्था, जरा चौकशी करा. "एका कॉम्प्युटरवर आहे आणि ड्रॉवरात हार्डडिस्क आहे" असं उत्तर आलं, तर काम अर्धंच झालंय म्हणून समजा. आपल्याकडचा पाऊस, ओल आणि लाईटीचा खेळखंडोबा काय वेगळा सांगायला नको. कागदाला वाळवी लागायला काही वर्षं तरी लागतात, डिस्क एका दिवसात जाते.

यावर उपाय आहे. त्याला डिस्ट्रिब्युटेड ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. समजा चार सर्व्हरमध्ये मिळून १२ डिस्क आहेत. प्रत्येक फाईलचे ८ तुकडे होतात, त्यावरून हिशेबानं आणखी ४ तुकडे तयार होतात आणि एकेका डिस्कवर एकेक तुकडा जातो. आता कोणत्याही ४ डिस्क बंद पडल्या तरी उरलेल्या ८ तुकड्यांवरून फाईल पुरी उभी राहते. मिनआयओसारखी सॉफ्टवेअरं हेच करतात.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हे सगळे सर्व्हर एकाच खोलीत असतील, तर आग लागल्यावर किंवा पाणी शिरल्यावर १२ च्या १२ डिस्क जाणार. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राईव्ह जळाली, ८५८ टेराबाइट माहिती गेली. आकार मोठा म्हणून बाहेर दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती! एवढ्या पुढारलेल्या देशाची ही गत, तर आपण कोण?

म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. मलकापुरात दोन आणि कोल्हापुरात दोन सर्व्हर ठेवून एकच जाळं विणायचा शहाणपणा मात्र नको. मधली लाईन तुटली की सगळंच अडकतं. एका जागी पुरं जाळं आणि रोज रात्री दुसरीकडं प्रत, हे सरळ. ती दुसरी जागाही कोल्हापूर शहरातच नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय.

आता कुलपाचं बघू. मिनआयओ नवं बसवलं की नाव 'मिनिओॲडमिन' आणि पासवर्डही 'मिनिओॲडमिन'. तो न बदलणं म्हणजे तिजोरी आणून किल्ली तिलाच लावून ठेवणं. मार्च २०२३ मध्ये त्यातच एक भोक सापडलं होतं. अनेक सर्व्हरच्या जोडणीत एक साधी विनंती पाठवली की मुख्य पासवर्ड बाहेर यायचा. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना तिचा काय उपयोग? आधार, सातबारा, खात्याचे नंबर असलेलं दप्तर इंटरनेटला उघडं पडलं, तर नुकसान सामान्य माणसाचं होणार. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड भरल्यानं बाहेर गेलेला कागद परत येत नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीनं सर्व्हर विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. तेवढा पैसाही नाही आणि तो सांभाळणारा माणूसही नाही. हे काम जिल्ह्यानं करावं आणि तालुक्यानं त्याचा हिशेब मागावा. क्लाऊडवर ठेवलं तरी हेच प्रश्न राहतात. ग्रामसभेत किंवा संस्थेच्या वार्षिक सभेत एवढं विचारा :

१. प्रती किती आणि कोणत्या गावात?
२. मुख्य पासवर्ड कोणाकडं? ठेकेदार गेला की तो बदलतो का?
३. चुकून किंवा मुद्दाम फाईल पुसली, तर जुनी परत मिळते का? ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता येणार नाही असं कुलूप लावलंय का?
४. शेवटी कधी प्रत उघडून, फाईल परत आणून बघितली?
५. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर माहिती दुसरीकडं नेता येईल का? मिनआयओनंच २०२५ मध्ये फुकटच्या आवृत्तीतून व्यवस्थापनाच्या सोयी काढल्या आणि तयार फायली देणं बंद केलं.

चौथ्या प्रश्नाला तारीख सांगता आली नाही, तर प्रत आहे यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनिंगचं बिल निघायच्या आधी ही पाच उत्तरं लेखी घ्या. फोटो काढून उद्घाटन होतं हो, पण दप्तर आपल्या नातवंडांना लागणार आहे.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. सरपंच, सदस्य, सचिव यांना टॅग करा. तुमच्याकडं काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.