मांडीचा अबोला

गेल्या श्रावणात माझ्या उजव्या मांडीने माझ्याशी अबोला धरला. बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर. वर्गात तासभर उभा राहिलो की तिथेच निखारा ठेवल्यासारखी आग. माझे वडील अर्धांगवायूने गेले. त्यामुळे घरात ब्र न काढता मी मनातल्या मनात विम्याचे हप्ते मोजू लागलो!

अखेर सौ.नेच पकडून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी टाचणी टोचत बधिर जागेची हद्द आखली, गुडघ्यावर हातोडी मारली, पायातला जोर पाहिला. म्हणाले, "सर, हा अर्धांगवायू नव्हे. एकच मज्जातंतू रुसलाय."

हा तंतू कंबरेच्या मणक्यांतून निघतो आणि कंबरेच्या हाडाच्या पुढल्या टोकाजवळून, जांघेतल्या बंधाखालून मांडीच्या कातडीत उतरतो. स्नायूंना हुकूम देणे त्याच्याकडे नाही; तो फक्त स्पर्शाचे टपाल नेतो. घट्ट पट्ट्याने किंवा सुटलेल्या पोटाने तो चिमटला, की ही व्यथा! नाव ग्रीक, 'मेराल्जिया': 'मेरॉस' म्हणजे मांडी, 'अल्गोस' म्हणजे वेदना. खुद्द फ्रॉइडला ती जडली होती; १८९५ साली त्याने तिच्यावर लेखही लिहिला.

पट्टा दोन भोके सैल केला, पोट थोडे उतरवले. हळूहळू मांडी बोलू लागली. यंदा चकल्या मात्र मोजून मिळताहेत.

"मांडीचा अबोला कळला," सौ. परवा म्हणाली, "पण तुम्ही का धरला होतात?"

मराठीचा प्राध्यापक असूनही मला उत्तर सुचले नाही.