कर्ज फिटलं, पण घर सुटलं का? नगरच्या कुटुंबांनी शेवटचा हिशेब नीट बघायला हवा

शेवटचा हप्ता भरला की घरात मिठाई येते. पंधरा-वीस वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेलं कर्ज संपलं, व्याजाच्या कटकटीतून सुटलो, असं म्हणत आपण पासबुक कपाटात ठेवून देतो. चूक नेमकी इथेच होते. कर्ज फिटणं वेगळं आणि घर सुटणं वेगळं. मूळ खरेदीखत हातात येत नाही आणि उताऱ्यावरचा बोजा उतरत नाही, तोपर्यंत ते घर कागदोपत्री गहाणच दिसतं. पुढे घर विकायचं असतं, मुलाच्या शिक्षणासाठी नवं कर्ज काढायचं असतं किंवा भावाबहिणींत वाटणी करायची असते, तेव्हा ही गोष्ट बाहेर येते. तोवर बँकेचा मॅनेजर बदललेला असतो, कधी बँकेचं नाव बदललेलं असतं, आणि ज्यांनी कर्ज काढलं ते अब्बा हयात नसतात.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी एक परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फेडल्यापासून 30 दिवसांच्या आत बँकेने घराची सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. 1 डिसेंबर 2023 पासून हा नियम लागू आहे. म्हणजे 40 दिवसांचा उशीर झाला तर 2 लाख रुपये होतात. कागद बँकेकडून हरवले किंवा खराब झाले, तर नक्कल मिळवून देण्याचं काम आणि त्याचा खर्च बँकेचाच. त्यासाठी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात आणि 60 दिवसांनंतर भरपाई मोजली जाते. कागद कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की ते जिथे ठेवलेले आहेत त्या दुसऱ्या कार्यालयातून, हे ठरवण्याचा हक्क कर्जदाराचा आहे.

सरकारी बँका, खासगी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, गृहकर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या, या सगळ्यांना हा नियम बांधतो.

पण आपली घरं कुठे गहाण आहेत?

नियम चांगला आहे. प्रश्न असा की तो आपल्यापर्यंत किती पोहोचतो. हे परिपत्रक व्यक्तीने घेतलेल्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे. त्यात घर घेण्याचं, बांधण्याचं कर्ज येतं. पण आपल्याकडे झेंडीगेट असो, मुकुंदनगर असो की श्रीरामपूर-संगमनेर, कितीतरी घरं घरासाठी नाही, तर धंद्यासाठी गहाण पडलेली असतात. दुकानाची कॅश क्रेडिट, गॅरेजसाठी घेतलेलं कर्ज, फळांच्या व्यापाराचं भांडवल, आणि तारण म्हणून राहतं घर. अशा व्यवसाय कर्जाला रोजच्या 5,000 रुपयांचा आधार या परिपत्रकातून मिळत नाही.

दुसरी जागा पतसंस्थेची. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून गल्लीतल्या पतसंस्थेपर्यंत सहकार इथे घराघरात आहे. बँक पगाराची स्लिप मागते, पतसंस्था ओळखीवर कर्ज देते, म्हणून हातगाडीवाला, रिक्षावाला, छोटा कारागीर तिकडे जातो. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमात नाहीत. त्या 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली सहकार खात्याकडे येतात.

म्हणून तिथे हक्कच नाही असं मात्र समजू नका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 60 सगळ्यांनाच लागू आहे. पैसे पूर्ण भरले की गहाण घेणाऱ्याने कागद परत द्यायचे आणि मिळकत मोकळी करायची, असं ते सांगतं. फरक इतकाच की तिथे रोजचा दंड नाही. लेखी अर्ज, मग उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, मग ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय, असा लांबचा रस्ता आहे. आमचं म्हणणं साधं आहे: ज्या सहकार खात्याच्या नजरेखाली पतसंस्था चालतात, त्याने त्यांनाही 30 दिवसांची मुदत आणि उशिराचा दंड घालून द्यावा. गरीब कर्जदाराचा कागद श्रीमंत कर्जदाराच्या कागदापेक्षा कमी मोलाचा नाही.

बँकच बंद पडली तर?

हा प्रश्न नगरकरांसाठी पुस्तकी नाही. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला आणि बँक गुंडाळून अवसायक नेमण्याचा आदेश काढायला केंद्रीय सहकार निबंधकांना सांगितलं. अशा वेळी सगळी चर्चा ठेवीदारांची होते, आणि ती व्हायलाच हवी. ठेव विम्यातून 5 लाखांपर्यंतची रक्कम मिळते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण कर्जदाराचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही.

परवाना गेला म्हणून कर्ज माफ होत नाही. वसुलीचा अधिकार अवसायकाकडे जातो आणि घराचे कागदही त्याच्याच ताब्यात असतात. त्याच बँकेत आपली ठेव असेल, तर विम्याची रक्कम ठरवताना ठेवीतून कर्जाची बाकी वळती होऊ शकते. म्हणून "बँकच बुडाली, आता कशाला भरायचं" असा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. व्याज वाढत राहतं आणि कागद अडकून पडतात.

अशा बँकेचं कर्ज फेडताना रोख रक्कम कुणा ओळखीच्या माणसाच्या हातात देऊ नका. बँकेच्या नावे चेकने किंवा खात्यात भरा, पावती घ्या, आणि बेबाकी दाखल्यावर अवसायकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची सही-शिक्का आहे का, ते बघा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर कागद आणि दाखला नव्या बँकेने द्यायचा असतो.

शेवटचा आकडा डोळे झाकून मानू नका

कर्ज बंद करायला गेलं की बँक एक आकडा सांगते. तोंडी आकड्यावर पैसे भरू नका, लेखी हिशेब मागा. त्यात मुद्दल किती, व्याज कोणत्या तारखेपर्यंतचं, दंड किती, इतर खर्च कसला, हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. आणि तारीख नीट वाचा. 3 लाख बाकी असेल आणि व्याज 9 टक्के असेल, तर रोजचं व्याज साधारण 74 रुपये होतं. हिशेब 1 तारखेचा आणि पैसे भरले 11 तारखेला, की 740 रुपये शिल्लक राहतात. आपल्याला वाटतं खातं बंद झालं, पण ते चालूच असतं. दोन वर्षांनी तीच बाकी थकबाकी म्हणून समोर येते.

आपल्या बऱ्याच घरांत व्याजाचा बोजा मनालाही जड वाटतो. सोनं मोडून, आखातातल्या मुलाचे पैसे आले की कर्ज मुदतीआधी फेडायची घाई असते. त्यांनी हे लक्षात ठेवावं: बदलत्या व्याजदराचं घरकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर बँक त्यावर दंड लावू शकत नाही. स्थिर दराच्या कर्जात मात्र करारातली अट वाचावी लागते. उशिरा भरलेल्या हप्त्यांसाठी दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हा नियमही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये काढला आणि 2024 पासून तो लागू झाला.

आणखी एक शब्द जपून वापरा: सेटलमेंट. थकलेल्या कर्जात बँक काही रक्कम सोडून देते आणि तडजोडीने खातं मिटवते. त्या घडीला बरं वाटतं, पण सिबिलच्या नोंदीत खातं "बंद" न दिसता "सेटल्ड" दिसतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं. घरचा कर्ता खरोखर अडचणीत असेल तर तडजोड घ्यावीच, पण हे माहीत असून घ्यावी. पूर्ण फेड केलेली असूनही नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत ती सुधारली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

बोजा आपोआप उतरेल या भरवशावर राहू नका

कर्ज देताना कोणते कागद घेतले याची यादी बँकेकडे असते. परत घेताना त्या यादीशी एकेक कागद ताडून मगच सही करा. तारण म्हणून दिलेले कोरे चेक परत घ्या आणि खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी रद्द करून घ्या. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर सोडखतही तिथेच नोंदवावं लागतं. शहरातल्या घराचा बोजा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर असतो, गावातल्या जमिनीचा सातबाऱ्याच्या इतर हक्कात. बँकेचं किंवा सोसायटीचं पत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा. ऑनलाइन अर्जासाठी ई-हक्क प्रणाली आहे. नुसता अर्ज देऊन थांबू नका. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. केंद्राच्या सरसाई नोंदवहीतूनही बँकेने नाव उतरवलं का, ते विचारा.

नावांचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. खरेदीखतात शेख, आधारवर शैख; एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर. कर्ज चालू असतानाच हे दुरुस्त करून ठेवा. जुन्या खतावर जिल्ह्याचं नाव अहमदनगर आहे म्हणून मात्र घाबरू नका. नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, त्याने जुनं खत रद्द होत नाही.

वारसांचा हिशेब

कर्जदाराचा इंतकाल झाला तर कागद वारसांना कसे द्यायचे, याची ठरलेली पद्धत बँकेने ठेवावी आणि ती आपल्या वेबसाइटवर दाखवावी, असं त्याच परिपत्रकात आहे. कर्जाला जोडलेला विमा असेल तर आधी त्याचा दावा करा. कितीतरी घरांत विम्याचा हप्ता कापला जात होता, हेच कुणाला माहीत नसतं.

शरियतमध्ये मयताच्या मालातून आधी कर्ज फेडायचं, मग वसीयत, मग वाटे, असा क्रम आहे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. पण प्रत्यक्षात मोठा मुलगा एकटाच बँकेत जाऊन कागद आणतो, ते त्याच्या कपाटात जातात आणि अम्मीचा आठवा हिस्सा, बहिणींचा वाटा वर्षानुवर्षं त्या फाइलीत दबून राहतो. बोजा उतरवायला जाल तेव्हाच वारसनोंदीचा अर्जही द्या, आणि त्यात सगळ्यांची नावं लिहा, बहिणींचीसुद्धा.

बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार अशा अर्जांसाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे. आणि ज्यांचं कर्ज गेल्या काही वर्षांत फिटलं आहे, त्यांनी या आठवड्यात एकच काम करावं: आपल्या घराचा ताजा उतारा काढून बघावा.