मांजरीच्या शिवाराचा इतिहास जपूया : नागरिकांना जाहीर आवाहन



जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत आलं. रस्ते, पाणी, ड्रेनेज यांसाठी आपण भांडतो आणि भांडलंच पाहिजे. त्याचबरोबर या शिवाराचा इतिहास गोळा करण्याचं कामही आता लांबणीवर टाकून चालणार नाही.

हे शिवार साधंसुधं नाही. महात्मा जोतीराव फुले यांची मांजरीला सुमारे ६० एकर शेती होती. बांधबंदिस्ती करा, तळी-धरणं बांधा, कालव्याचं पाणी प्रत्येक शेतकऱ्याला तोटी बसवून मापात द्या, असं १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगणारा माणूस स्वतः जमीन कसणारा होता. खडकवासल्याच्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस वाढवला. इथल्या सरकारी शेतावर उसाचे प्रयोग झाले. ‘मांजरी फार्म’ हे नाव आजही टपालाच्या पत्त्यात आहे. पुढं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथंच आलं.

संस्थांचा इतिहास त्यांच्या दप्तरात राहील. घरोघरच्या शेतीचं काय? सातबाऱ्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. कोणत्या गटात ऊस होता, कुठं ज्वारी, पाणी विहिरीचं की पाटाचं, हे त्यात दिसतं. नगर भूमापन झालं की सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका सुरू होते. तिच्यात पिकाचा रकानाच नाही. म्हणजे जमीन तीच राहते, पण तिथं काय पिकत होतं याची नोंद तिथंच थांबते.

म्हणून सर्वांना कळकळीची विनंती :

• जुने सातबारे, फेरफार, पाणीपट्टीच्या पावत्या, मोडीतले कागद रद्दीत देऊ नका. त्यांचे स्वच्छ फोटो काढा. मूळ कागद घरातच जपा.

• बैलजोडी, मोट, गुऱ्हाळ, खळं यांच्या फोटोंमागे माणसांची नावं, ठिकाण आणि अंदाजे साल लिहा.

• घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. पाण्याची पाळी कशी ठरायची, रात्री दारं कोण धरायचं, खुरपणीला कोण यायचं, मजुरी काय मिळायची, हे मोबाइलवर रेकॉर्ड करा. आजी, आत्या, मावशींना आवर्जून विचारा. राबल्या त्याही, पण कागदावर त्यांची नावं क्वचितच सापडतात.

• जमीन नावावर नसलेल्या शेतमजुरांच्या आणि वाटेकऱ्यांच्या आठवणीही तितक्याच मोलाच्या आहेत.

• शाळांनी हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प करावा. वाचनालयांनी जमलेल्या साहित्याची एकेक प्रत सांभाळावी.

जे फ्लॅट घेऊन नव्यानं राहायला आले आहेत, त्यांनीही आपल्या सोसायटीच्या जागी आधी काय पिकत होतं ते शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावं. ही माती आता त्यांचीही आहे.

सत्तरी-ऐंशीतली माणसं आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे. या रविवारी घरातली जुनी ट्रंक उघडा आणि सुरुवात करा.

आपले,
मांजरी परिसरातील रहिवासी