लाफिंग गॅस आणि काकीमांची गाडी

बागबाजारला आमच्या गल्लीत गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही. तिथून सुटलात, तर सर्क्युलर रेल्वेचं फाटक बंद. तरी माझ्या घरमालकीण काकीमांच्या भाच्याला सेकंडहँड गाडीत ‘नायट्रस’ बसवायचंय! ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ त्याने किती वेळा पाहिलाय, विचारूच नका. याच गाडीतून दर शनिवारी काकीमा दक्षिणेश्वरला जातात.

“हा दाताच्या डॉक्टरकडचाच गॅस ना गं?” काकीमांनी मला विचारलं. मी इंग्रजीची बीए, इंजिनाचं ज्ञान स्कूटीपुरतं. पण बसले वाचत.

हो, तोच. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस. गंमत अशी, की तो इंधन नाहीच. पेट्रोल जळायला ऑक्सिजन लागतो. हवेत तो वजनाने साधारण २३ टक्के, या वायूत ३६ टक्के. इंजिनातल्या उष्णतेने वायूचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो. उणे ८८ अंशांनाच उकळणारा हा द्रव बाहेर पडताच वायू होतो आणि आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट, म्हणजे ऑक्सिजन आणखी जास्त. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं उंचावरच्या विरळ हवेत हीच युक्ती वापरत.

थोडक्यात, ताकद येते ती जादा पेट्रोल जाळूनच. घोळ इथेच आहे. वायूच्या मापात पेट्रोल वाढलं नाही, तर इंजिन भलतंच तापतं, पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टन वितळूही शकतो. रेसच्या गाड्यांत म्हणून आतले भाग मजबूत घालतात आणि वायूही काही सेकंदच सोडतात. आपल्या घरगुती गाडीचं इंजिन त्यासाठी बनवलेलंच नसतं.

कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवू शकते.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, “तेवढ्या पैशांत आधी ब्रेक नीट करून घे.” दाबला की किंचाळतो तो, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. “पुढच्या महिन्यात,” तो म्हणाला.

तोवर गाडीची किल्ली काकीमांच्या पदराला बांधलेली आहे.