साहेब, मस्टर काढा!

‘कामगाराला घरचा माणूस समजा, गोड बोला’, असा उपदेश मॅनेजर लोकांना विकला जातो. च्यायला, घरचा माणूस? मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जादा पगाराचं विणखातं अस्पृश्याला बंद. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागत, म्हणून रेल्वेत अस्पृश्य पोर्टर नको. हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मध्ये इथून जवळच, मनमाडला मांडलं. शत्रू दोन सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

धुळ्यातल्या दोस्तांनो, गोड बोलण्याला भुलू नका. कायम कामगारांचं मस्टर आणि ठेकेदाराची यादी शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. खुर्ची कुणाला, झाडू-गटार कुणाला? आडनावं मोठ्यानं वाचा. घर कुणाचं, तिथंच कळेल!