तबकडी भंगारात, आवाज संगणकात!

जुन्या ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवणे आता घरोघरी शक्य झाले आहे. मात्र त्यानंतर मूळ तबकडी टाकून देणे म्हणजे आवाजाच्या जतनाचा कायदेशीर मार्गच बंद करणे, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पुण्या-मुंबईतील जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, की माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक तांब्यापितळेची भांडी आणि दुसरी ध्वनिमुद्रिकांचा गठ्ठा. भांड्यांचे काय करायचे, हे सर्वांना ठाऊक असते. तबकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र नव्या पिढीने आपल्या परीने सोडवला आहे. संगणकाला थेट जोडता येणारा रेकॉर्ड प्लेअर आणायचा, 'ऑडॅसिटी'सारखे मोफत सॉफ्टवेअर घ्यायचे, गाणी एमपी-३ स्वरूपात साठवायची आणि तबकड्या भंगारवाल्याच्या हवाली करायच्या. आजोबांचे गाणे वाचले, याचे समाधान असते. ते गाणे खरोखर वाचले का, हा प्रश्न मात्र उरतोच.

कंपन्या गेल्या, तबकड्या उरल्या

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गोहरजान यांचा आवाज मुद्रित केला. १९०८ पासून तबकड्यांचे उत्पादनही तेथेच होऊ लागले. लाखेपासून बनणाऱ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे सामावणाऱ्या या तबकड्या भारतात १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या. ख्याल, नाट्यगीत, भावगीत, पोवाडा अशा महाराष्ट्राच्या संगीताचा मोठा भाग या तीन मिनिटांच्या चौकटीत साठलेला आहे.

मोठ्या कंपनीने आपल्याकडील लोकप्रिय गाणी पुढे कॅसेट आणि सीडीवर आणली. छोट्या कंपन्यांच्या नशिबी ते नव्हते. मुंबईच्या 'यंग इंडिया' या लेबलचे उदाहरण बोलके आहे. १९३५ ते १९५५ या काळात या स्वदेशी कंपनीने तबकड्या काढल्या आणि नंतर ती बंद पडली. तिचे संगीत वाचवायचे, तर संग्राहकांच्या कपाटांतील तबकड्यांखेरीज आधार उरला नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'शी निगडित संग्राहकांनी हे काम हाती घेतले. त्यासाठीचे साह्य आले ते ब्रिटिश लायब्ररीच्या, संकटग्रस्त दफ्तरांसाठीच्या कार्यक्रमातून. मुंबईच्या आवाजासाठी लंडनचे दार ठोठवावे लागले, ही बाब पुरेशी सूचक आहे.

सुई, वेग आणि खरखर

संगणकावर उतरवण्याचे काम दिसते तितके यांत्रिक नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, तर एलपीसाठी साधारण १८ मायक्रॉन पुरतात. एलपीची सुई जुन्या तबकडीवर ठेवली, तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी तळाची धूळ व खरखरच अधिक मुद्रित होते. सफाईतही चूक महागात पडते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे विनाइलसाठी मिळणारे अल्कोहोलयुक्त द्रावण लाखेच्या तबकडीवर वापरणे म्हणजे ती हाताने पुसून टाकण्यासारखेच.

वेगाचा प्रश्न त्याहून नाजूक. सुरुवातीच्या दशकांत ७८ हा आकडा सर्वत्र काटेकोरपणे पाळला जात नव्हता. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला, की काळी एकमधील गायन पांढरी दोनमध्ये ऐकू येते. आवाजाची जात बदलते, तान नसलेल्या चपळाईने धावते. जुन्या गवयांच्या आवाजाविषयी बांधलेले काही अंदाज चुकीच्या वेगावर तर बेतलेले नाहीत ना, अशी शंका त्यामुळे रास्त ठरते. खरखर काढून टाकणारी सॉफ्टवेअरही हात राखून वापरावी लागतात. अतिरेक झाला, तर खरखरीबरोबर सारंगीची धार आणि गायकाचा श्वासही पुसला जातो.

म्हणूनच जतनाचे काम करणाऱ्या संस्था कोणतीही काटछाट न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवतात. ती साधारणतः ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट दर्जाची असते. अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या प्रकल्पात चार निरनिराळ्या सुयांनी एकाच वेळी मुद्रण केले गेले. कोणती सुई योग्य, हे पुढच्या अभ्यासकाला ठरवता यावे, हा त्यामागील विचार. घरगुती एमपी-३ मध्ये अशा फेरविचाराला वाव राहत नाही. तबकडीवरील क्रमांक आणि लेबलवरील नावे तर बहुधा नोंदलीच जात नाहीत. मग 'ट्रॅक ०७' या नावाने उरलेला आवाज कुणाचा, हे सांगणारे कुणी राहत नाही.

कायद्याची किल्ली तबकडीकडे

याच अमेरिकी प्रकल्पावर बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२३ मध्ये दावा दाखल केला. तो २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. भारतातही कायद्याची गुंतागुंत कमी नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. मात्र शब्द आणि चाल यांवरील हक्क कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. या दोघांच्या १९५० च्या दशकातील गाण्याचे मुद्रण मुक्त झाले, तरी शब्द २०३७ अखेर आणि चाल २०६२ अखेर बंधनात राहतील. त्यामुळे अनेक संग्राहक आपल्या फाइली जाहीर करण्यास कचरतात. संग्राहकाच्या पश्चात हार्ड डिस्क निकामी होते आणि सारे श्रम वाया जातात.

यातून वाट आहे, ती २०१२ च्या कायदा-दुरुस्तीत. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा या दुरुस्तीने दिली. म्हणजेच पेनड्राइव्हवरील गाणी भेट देऊन ग्रंथालयाला हा आधार मिळत नाही. तबकडी दिली तर मिळतो. जी वस्तू नकोशी म्हणून भंगारात जाते, तीच या सवलतीची किल्ली आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांचे विस्तृत जाळे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. भारतातील पहिल्या तबकडीहूनही या संस्था जुन्या आहेत. प्रत्येक ग्रंथालयाने स्टुडिओ थाटावा, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण जिल्ह्यातील एका ग्रंथालयाने तबकड्या स्वीकाराव्यात, त्यांची सूची करावी आणि शासनाने तेथे योग्य यंत्र व प्रशिक्षित माणूस द्यावा, एवढे अवघड नाही. हजार तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवायला लागतात सुमारे शंभर तास. सफाई आणि नोंदी धरल्या, तरी हे काम काही महिन्यांचे आहे, पिढ्यांचे नव्हे.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे एवढेच : मूळ फाइल राखावी, लेबलचे छायाचित्र काढावे, क्रमांक लिहून ठेवावा. आणि तबकडी विकू नये.